अव्वा कुठं बघत होत्या

आमचा स्टुडिओ राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली क्लासची पोरं, दवाखाना, रिक्षा, भाजीवाले. जिना चढून दार लावलं की तो सगळा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो. खिडकीला मी माझं जुनं मलमलचं लुगडं लावलं आहे. तीननंतरचं ऊन त्यातून गाळून आत येतं आणि खोलीभर दुधासारखं पसरतं. त्या उजेडात माणूस बसला की आधी बोलत राहतो, मग त्याचे खांदे खाली येतात, मग तो गप्प होतो. आपण कुठं बसलो आहोत हे तो विसरला की मी फोटो काढते. त्याला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन तास. म्हणून दिवसाला एकच गिऱ्हाईक. आमचा दर ऐकून बरेच जण जिना उतरतात. उतरू देत.

माझी शाळा चौथीपर्यंत. नवऱ्याचं पासपोर्ट फोटोचं दुकान होतं. त्याला धीर नव्हता. "हलू नका" म्हणायचा आणि खटका दाबायचा. मी मागं बसून फिल्मवर शिसपेन्सिलीनं लोकांच्या तोंडावरचे डाग घालवायची. चेहरे मी तिथं शिकले. तो गेल्यावर पासपोर्टचं काम मी बंद केलं आणि हे सुरू केलं. शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्यानं आईचा फोटो करून नेला, तो त्याच्या दिवाणखान्यात बघून दुसरा आला, दुसऱ्याचा बघून तिसरा. आता सांगलीहून, बेळगावहून लोक येतात.

हे करताना पोरं कशी वाढवली, असं बायका कौतुकानं विचारतात. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. दोघं पोरगे याच खोलीत होते, मीही याच खोलीत होते. ते टेबलाखाली झोपायचे, फोटोच्या खोक्यांवर अभ्यास करायचे. गिऱ्हाईक बसलेलं असताना भांडले तर मार खायचे. आता थोरल्याची बायको माझ्याबरोबर काम करते. काढते मी, पुढचं कॉम्प्युटरवरचं ती बघते. आणि टेबलाखाली तिची मुलगी झोपते, माझी नात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, राधानगरीच्या बाजूला. नात चार वर्षांची, माझ्याकडंच होती. त्याच दिवसांत एका जैन व्यापाऱ्यानं आपल्या आईला आणलं. घरात तिला सगळे अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हटलं. ऐंशीच्या पुढची बाई, चिमणीएवढी. सूर्य मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम होता.

"साडेपाचला न्यायला येतो, मावशी. त्याच्यापुढं एक मिनिट न्हाय," व्यापारी म्हणाला आणि गेला. त्याला मी अण्णा म्हणत असे.

नातीला सकाळपासून ताप होता. मी तिला खिडकीखाली गादीवर निजवलं होतं. ती थंडीनं कुडकुडायला लागली. माझ्या हाताला जे लागलं ते मी तिच्यावर घातलं. ते आरशावरचं पांढरं कापड होतं. आमच्याकडं खुर्चीच्या मागं तिरपा ठेवलेला उभा आरसा आहे, बायकांना केस सारखे करायला. फोटो काढताना मी त्याच्यावर ते कापड टाकते. त्या दिवशी आरसा उघडा राहिला आणि माझ्या लक्षातच आलं नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, ते एक कारण. दुसरं म्हणजे फोटो काढताना मी फक्त माणसाचे डोळे बघते. बाकी खोली माझ्यापुरती नसते.

अव्वा खुर्चीत बसल्या आणि खिडकीकडं बघायला लागल्या.

"कोण गं ही?"

"नात. ताप आलाय."

"मग माझा फोटो काय काढतीस? पट्टी ठेव जा तिच्या कपाळावर."

"ठेवलीया. तुमचा उजेड जाईल, अव्वा."

"जाऊ दे की. ऐंशी वर्सं वापरलाय, झिजलाय त्यो."

पोरीचा श्वास ऐकू येत होता. लुगडं वाऱ्यानं फुगत होतं आणि बसत होतं. खोलीत दिवस कुठला, वर्ष कुठलं, काही कळत नव्हतं. माझी पोरं लहान होती तेव्हाही दुपार अशीच असायची. अव्वांचे ओठ थोडे हलत होते, देवाचं म्हणत होत्या की पोरीला काही सांगत होत्या, मी विचारलं नाही. एकदा त्यांचे ओठ थांबले आणि डोळे तेवढे राहिले. मी खटका दाबला.

फोटो मोठा केला, तीन फुटांचा. लॅबला मीच पाठवला. अण्णांच्या घरी सगळ्यांना आवडला, तेव्हा सगळे अव्वांचा चेहराच बघत होते. दीड महिन्यानं अव्वा झोपेतच गेल्या.

चारपाच दिवसांनी अण्णा जिना चढून आले. बरोबर कापडात बांधलेला तो फोटो.

"मावशी, हे काय करून ठिवलंय तुम्ही?"

त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि अव्वांच्या खांद्यामागं बोट टेकवलं. आरशात, अंधारातून वर आल्यासारखं, पांढऱ्या कापडाखाली एक लहान पोर आडवं पडलेलं दिसत होतं. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

"भेटायला आलेल्या बायका किंचाळल्या. माझ्या आईच्या मागं मेलेलं पोर झोपलंय म्हणाल्या. बहीण माझी त्या खोलीत जेवंना झालीया. आईचा दुसरा फोटो न्हाय आमच्याकडं. एक न्हाय. तिनं काढूच दिला न्हाय कुणाला."

"पोर जित्तं हाय, अण्णा. आत शेवया खातंय. चूक माझी हाय, आरसा झाकायचा राहिला."

"मग काढा तिला त्यातनं."

मोठ्या मुलाकडून मूळ फोटो सुनेच्या लॅपटॉपवर पाठवला आणि फोन केला. सून मला आत्या म्हणते. फोन सारखा तुटत होता.

"आत्या, माझीच पोरगी पुसायला लावताय व्हय मला?"

"पूस. अण्णांच्या घरात कुणी जेवंना झालंय."

"मांडीवर एक हाय, एक पुसायची. बरं, थांबा." थोड्या वेळानं म्हणाली, "पुसली. पर आत्या, आता अव्वा कशाकडं बघत्यात?"

दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी लावून मी अण्णांना खुर्ची दिली. पुसलेल्यात आरसा नुसता काळा होता. काम स्वच्छ होतं. फक्त अव्वांची नजर फोटोबाहेर कुठंतरी जाऊन संपत होती. पहिल्यात ती नजर कुठं जाते ते कळत होतं. ती पोरीवर होती. अव्वा आजारी लेकराकडं बघत होत्या, जशी कुठलीही बाई बघते.

अण्णा खूप वेळ बघत राहिले. ऊन खाली उतरून त्यांच्या चपलांवर आलं.

"आम्ही लहान असताना ताप आला की ती अशीच बसायची," ते म्हणाले. "चेहरा ध्यानात नव्हता माझ्या."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"कुठला घेऊ, मावशी?"

"फोटो म्हणून पहिला. पर भिंत तुमची, बहीण तुमची. मी सांगून काय उपेग?"

त्यांनी पुसलेला घेतला. बरोबरच केलं. ज्या घरात माणसं फोटोखाली घास गिळू शकत नाहीत, तिथं तो फोटो काय कामाचा? पहिला त्यांनी मागितला नाही, मीही पुढं केला नाही.

नवा फोटो टांगायला मी स्वतः गेले, कारण खिळा कुठं मारायचा आणि उजेड कुठून येतो हे लोकांना कळत नाही. घरात पावणेमंडळी बसली होती. फोटो भिंतीवर चढला तशी एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "नजर बघा की अव्वांची. हितलं काय बी बघंना झालीया. सरळ मोक्षाकडं लागलीया."

सगळ्यांनी माना हलवल्या. अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "तिकडंच."

मग मला सोडायला ते दारापर्यंत आले. मी चपला घालत होते.

"त्या पोरीचा ताप कधी उतरला हो?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी," मी म्हटलं. "उठली आणि भडंग मागितलं."