बारा पेरं

जेवणाच्या सुट्टीत शाल्मली प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये एकटीच टेबलावर डोकं टेकते. दोन वाजता बावीस नर्सना शिकवायचं आहे, एचआयव्हीच्या तपासणीचा निकाल पेशंटला सांगायचा कसा. वीस वर्षं हा तास आई घ्यायची. आईला जाऊन दीड महिना झाला. पंख्याची घरघर लांब लांब जात राहते, आणि समोरच्या स्टुलावर आई बसलेली असते. निळ्या काठाची साडी, चपला काढून बाजूला.

"दार लावलंस?" आई विचारते. "का निकाल चौकात सांगणार आहेस?"

शाल्मली उठते. दारापलीकडे घरचं स्वयंपाकघर आहे, गॅसवर दूध. दार लावून ती वळते, तर हॉलचंही स्वयंपाकघरच झालेलं असतं. तिला त्याचं काही वाटत नाही.

"मी पेशंट, तू सिस्टर," आई म्हणते. "निकाल सांगितलास की तोंड मिटायचं. अंगठ्याच्या नखानं बोटांची बारा पेरं मोजायची, मग बोलायचं. तुला जमायचं नाही म्हणा. जन्मल्यापासून नुसती बडबड."

शाल्मली लिफाफा उघडते. आतला रिपोर्ट आईचाच आहे, चैत्रातला. त्या दिवशी तो वाचून तिनं एका दमात पुण्याचे डॉक्टर, केमो, आपली रजा, सगळं सांगून टाकलं होतं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, दूध उतू जातंय बघ. पुढे शेवटपर्यंत त्यावर ती अवाक्षर बोलली नाही.

"आई, गाठ कॅन्सरची आहे."

ती तोंड मिटते. तर्जनीची तीन पेरं. मधल्या बोटाची तीन. पुण्याचे डॉक्टर अगदी जिभेवर येतात. ती नख आणखी दाबते. दूध वर चढतं. कुणीच उठत नाही. अनामिकेचं पहिलं, दुसरं, तिसरं.

"भीती वाटते गं," आई म्हणते.

"मॅडम?" दारात भोजणे सिस्टर उभ्या आहेत. "दोन वाजले. आल्यात सगळ्या. करायचं सुरू?"

"हो. आत आल्या की दार लावून घ्या."

शाल्मली हात उजेडात धरते. तीन बोटांवर, पेरापेरावर, नखाची लाल कोर उमटली आहे. करंगळी तेवढी कोरी.