एक शेंग कमी

शेंगा भाजल्याचा वास आला की शेळगावच्या आमच्या ओसरीवरची एक दुपार आठवते. लेक पहिलीत होती आणि भाजलेल्या शेंगा पुढं ठेवून मी तिला मोजायला शिकवत होते. मी दहा ठेवायचे, तिच्या मोजणीत नऊच भरायच्या. पोरगी एक गट्टम करते, असा मला दाट संशय. तिची मूठ उघडून पाहिली, खिसा चाचपला, तोंडाचा वाससुद्धा घेतला. मग माझी नजर कडेला बसलेल्या सासऱ्यांकडं गेली. "माझ्याकडं काय बगतीस? दात हायत का मला?" आबा म्हणाले. "तिला मोठ्यानं मोजाय लाव." ती मोजू लागली, "लाभ, एक, दोन, तीन..." ज्वारी मापताना आबा पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचे आणि पुढं थेट दोन. हिनं शाळेतला एक मधेच बसवला होता. आता ती कॉलेजला जाते. परवा शेंगा भाजल्या, तिच्याकडं मी नुसतं पाहिलं, तर तिनं मुकाट्यानं तोंड उघडून दाखवलं.