अण्णांच्या नंबराची चप्पल

अण्णांच्या आधी माझी ओळख झाली ती त्यांच्या चपलेशी. चाकणच्या कंपनीत मी नवाच लागलो होतो. दुपारी कँटीनच्या रांगेत उभा राहिलो, तर माझ्यापुढे माणूस नव्हता, जमिनीवर एक जुनी चप्पल होती, अंगठ्याजवळ तारेने बांधलेली. मी ती ओलांडून पुढे सरकलो. मागच्या वेल्डरने खांद्याला धरून मला परत मागे घेतलं. म्हणाला, "भावा, तो अण्णांचा नंबर आहे." रांग हलली की मागचा माणूस ती चप्पल बुटाच्या टोकाने हळूच पुढे ढकलायचा. अण्णा स्वतः नळावर निवांत हात धूत उभे होते. चप्पल वाढप्यापर्यंत पोहोचल्यावर ते आले, चप्पल उचलून पिशवीत घातली आणि ताट पुढे केलं.

अण्णा तळवड्याचे. शेतावर कारखाने उभे राहिले तसे तेही कारखान्यात आले आणि फिटर झाले. गावात रेशनला, रॉकेलला, नळाला चप्पल ठेवूनच नंबर लावायची रीत होती. ती रीत त्यांनी कंपनीत आणली आणि नंबराची चप्पल म्हणून एक वेगळी जोडी लॉकरमध्ये ठेवली. "रांग पायांची नसती रं," ते मला समजावत, "नंबराची असती. माणूस उठून जाईल, चप्पल जागा सोडत न्हाई." एकदा एक मोठे साहेब घाईत रांग सोडून थेट पुढे गेले. अण्णांनी अगदी अदबीने विचारलं, "साहेब, माज्या चपलंला इचारलं का?" साहेब मागे आले आणि चपलेच्या मागे उभे राहिले. त्या दिवसापासून अण्णांना कंपनीत साहेबांपेक्षा जास्त मान होता.

घरीही तोच कायदा. बायकोला, म्हणजे सुमनकाकूंना, दवाखान्यात न्यायचं तरी अण्णा ओळखीच्या डॉक्टरकडे सुद्धा नंबरानेच बसवत. काकू कधी कुरकुरल्या नाहीत. त्या काटक होत्या, दर एकादशीला तळवड्याहून देहूला चालत जाऊन येत.

अण्णांच्या निवृत्तीच्या वर्षी कंपनीची सहकुटुंब सहल एका मोठ्या थीम पार्कला गेली. प्रवेशाचा खर्च कंपनीचा होता. पण आत गेल्या गेल्या कळलं की वेगळे पैसे भरले तर हाताला सोनेरी पट्टी बांधतात आणि दुसऱ्या दरवाजाने रांगेच्या पुढे नेऊन सोडतात. साधी पट्टी पांढरी. माझ्या मुलांनी भोकाड पसरलं आणि मी मुकाट्याने चार सोनेरी पट्ट्या घेतल्या. अण्णांनी माझ्या मनगटाकडे असं पाहिलं, जणू मी कँटीनमध्ये त्यांची चप्पल लाथाडली होती.

काकूंना एकच हौस होती, आकाशपाळणा. लहानपणी गावच्या जत्रेत भावांनी पाळण्यात बसून घेतलं होतं आणि त्यांना खाली चपला सांभाळायला ठेवलं होतं, हे त्या बसमध्येच सांगून बसल्या होत्या. पण पाळण्याची रांग दोन तासांची निघाली. काकू गुडघा धरून बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मला न्हाई उभं ऱ्हावणार. जाऊ द्या, पुन्हा कधीतरी." पुन्हा कधी येणं होणार नाही, हे अण्णांनाही माहीत होतं.

अण्णा डगमगले नाहीत. त्यांनी पिशवीतून नंबराची चप्पल काढली आणि रांगेत ठेवली. ते पाहून आमच्या डिपार्टमेंटच्या पाच कुटुंबांनी चपला ठेवल्या. मागे भोसरीच्या कुठल्याशा कंपनीची सहल होती, त्यांनाही ही भाषा लगेच कळली. पाच मिनिटांत रांगेत माणसं कमी आणि चपला जास्त झाल्या. सगळे अनवाणी झाडाखाली भेळ खात बसले. मग एक सिक्युरिटीवाला आला, चपला बघून चक्रावला आणि हरवलेलं सामान समजून सगळ्या एका क्रेटमध्ये भरून घेऊन गेला. त्या परत मिळायची खिडकी पार्कच्या दुसऱ्या टोकाला होती. तापलेल्या फरशीवर नाचत सगळे तिथे पोहोचले, तर तिथेही रांग, आणि नंबर लावायला चप्पल कुणाकडेच नव्हती.

माझ्या घरच्यांचे सगळे खेळ एक वाजताच उरकले. मुलं मोबाइल काढून बसली. अण्णा म्हणाले, "पैसं देऊन लौकर कटाळलात व्हय." थोड्या वेळाने ते उठून कुठेतरी गेले. मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि तिकिटाच्या खिडकीवर बघतो तर अण्णा. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, हातात एकच सोनेरी पट्टी. मला बघून त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "हिच्यापुरती घेतलीय," ते म्हणाले. "म्या रांगेतनंच जाणार. कंपनीत बोलू नगंस. जलमभराची अब्रू जाईल." मी शब्द दिला आणि आजवर पाळला. हे लिहितोय तेवढंच काय ते.

काकूंना त्यांनी सांगितलं की गुडघेदुखीवाल्या बायांना ही पट्टी फुकट असते. काकू बरं म्हणाल्या आणि हात पुढे केला. मग अण्णा एकटे दोन तास उन्हात उभे राहिले, या वेळी चपला पायांत घालून. त्यांचा नंबर पायरीपाशी आला तसा त्यांनी वरून टोपी हलवली आणि मी काकूंना दुसऱ्या दरवाजाने आत सोडलं. दोघं एकाच पाळण्यात बसले. वर गेल्यावर अण्णांनी डोळे गच्च मिटून दांडा धरला होता. काकू मात्र चहूकडे बघत होत्या आणि खाली मला हात करत होत्या. मला हा माणूस फार आवडायचा, पण त्या दिवसाइतका कधीच आवडला नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. त्यांच्या आधी नंबर असलेली बरीच मंडळी गावात होती. कधी नव्हे ते अण्णा सगळ्यांना ओलांडून पुढे गेले.

तेराव्यानंतर मी तळवड्याला गेलो. दाराशी ती तार बांधलेली चप्पल तशीच होती. मी वळसा घालून आत शिरलो. काकूंनी चहा दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी गुडघ्यांची चौकशी केली.

"गुडघ्याला काय धाड भरलीय," काकू म्हणाल्या. "परवाच्या एकादशीला देहूला चालत जाऊन आले."

मी कप खाली ठेवला. पार्कमधला तो बाक मला आठवला. काकू उठल्या, देवाच्या फळीवरचा हळदी-कुंकवाचा डबा उघडला आणि त्यातून सोनेरी पट्टी काढून माझ्यापुढे धरली.

"फुकट व्हती म्हणं," त्या म्हणाल्या. "मला काय वाचता येत न्हाई व्हय? खिडकीवर भाव लिवला व्हता की."

"मग तुम्ही त्यांना बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्येंची अब्रू गेली असती." काकू पट्टी बोटाला गुंडाळत राहिल्या. "लग्न झाल्यापास्नं ह्या माणसानं मला कधी कुणाच्या म्होरं जाऊ दिलं न्हाई. माज्यासाठी एकदा तरी रांग मोडतोय का, तेवढं बघायचं व्हतं."

त्यांनी पट्टी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"मोडली," त्या म्हणाल्या.