बॉसच्या पार्टीच्या मक्याच्या भाकऱ्या

फिलू, अठ्ठ्याहत्तर साली मी वसईहून निघाले तेव्हा आपली मम्मी टॅक्सीपर्यंतसुद्धा आली नाही. मला निरोप द्यायला आलेले काका-मामा जेवत होते आणि ती चुलीपाशी एकेक गरम भाकरी थापून वाढत होती. पाहुणे उठल्याशिवाय घरच्या बाईनं हलायचं नाही, हे तिचं शास्त्र. आतूनच म्हणाली, "पोचलीस की पत्र टाक." तेच शास्त्र घेऊन मी मेलबर्नला आले, मूर्खासारखी.

चार वर्षांत माझा नवरा, तुझा लाडका भावोजी बॉनी, पक्का साहेब झाला होता. दुपारला इथल्या लोकांसारखं 'आर्वो' म्हणायचा. घरात सुक्या बोंबलाला बंदी, का तर शेजाऱ्यांना वास येतो. त्याच्या बॉसनं म्हणे कधीकाळी अमेरिकेत, ॲरिझोनात, तीन वर्षं काढली होती. प्रमोशन तोंडावर आलेलं, म्हणून बॉनीनं त्याच्यासाठी बॅकयार्डमध्ये तिकडच्या जेवणाची पार्टी ठरवली. तीस माणसं. मला न विचारता. वर हुकूम, इंडियन काही दिसता कामा नये.

दिसणार काय डोंबल! खिमा आणि राजमा जिरं-मिरची घालून शिजवला की झाली त्यांची चिली. टॉर्तिया म्हणजे मक्याची भाकरी. इटालियन दुकानातून पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, हातावर थापलं. डुकराचं मटण दोन दिवस खपून केलं. शनिवारी पाहुणे आले तेव्हा मी गॅरेजमध्ये शेगडीपुढे, गाऊनवर एप्रन बांधून भाकऱ्या भाजत होते आणि बॉनी ताटं भरून बाहेर नेत होता. बाहेर सगळे 'ऑथेंटिक, ऑथेंटिक' करत बोटं चाटत होते. जिरं कशाशी खातात हे ज्यांना माहीत नाही, ते ऑथेंटिक ठरवणार.

तेवढ्यात बॉसची बायको गॅरेजच्या दारात आली. अशी कुक कुठे मिळाली, असं तिनं ताट भरायला आत आलेल्या बॉनीला विचारलं, आणि तुझी बायको कुठे दिसत नाही ती? बॉनीनं माझ्याकडे पाहिलं. माझे हात पिठात, केस घामानं चिकटलेले. मला वाटलं, आता सांगेल. तो म्हणाला, बायकोचं डोकं दुखतंय, आत झोपलीय. फिलू, मला त्याची किळस आली. आणि माझीही, कारण पुढची भाकरी मी तव्यावर टाकलीच.

ती भाकरी मात्र जळू दिली. हात धुतले, एप्रन काढून बॉनीच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन, परत जागेवर बसलेल्या बॉसच्या बायकोशेजारी खुर्ची ओढली.

"मी बॉनीची बायको," मी तिला इंग्रजीत म्हटलं. "आता बरं वाटतंय मला."

बाई शरमेनं लाल झाली. बॉनी दारातच उभा होता. त्याला मराठीत सांगितलं, "भाकऱ्या संपल्यात. थाप." आणि तो गेला, काय करणार! त्याच्या भाकऱ्या तव्यावरच फाटल्या. मी त्या सगळ्यांसमोर पोटभर खाल्ल्या.

प्रमोशन दुसऱ्यालाच मिळालं. आठवडाभर बॉनीनं तोंड फुगवलं, मी ढुंकूनही पाहिलं नाही. तू दर पत्रात विचारतेस, तिथे घरच्यासारखं वाटतं का गं? चार वर्षं मी त्याच्या घरात राहिले. आता तो माझ्या घरात राहतो.