अब्बांनी धुतलेला कोबी

डोळे थकल्यावर अब्बांनी नवापुरातलं शिवणकामाचं दुकान बंद केलं आणि घराच्या गच्चीवर कोबी लावला. अर्धे कापलेले सहा प्लास्टिकचे ड्रम, माती आणि जवळच्या पोल्ट्रीतून आणलेलं कोंबडीखत. पहिले आठ दिवस वासामुळे अम्मी गच्चीवर कपडे वाळत घालायला तयार नव्हती.

कोबी मात्र झकास वाढला. अडचण एकच होती. पानांवर पांढुरकी भुकटी दिसायची आणि बोट फिरवलं की त्याची रेघ उमटायची. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे खडूचे डाग झटकलेल्या माणसाला ते बघवेना.

"हायवेची धूळ आहे," अब्बा म्हणाले. एका सकाळी त्यांनी बादलीत साबणाचा फेस केला, मऊ मलमलचा तुकडा घेतला आणि सहाही रोपांचं पान न् पान पुसून काढलं. दुपारी मी कामावरून घरी आले, तर रोपं हिरवीगार चकचकत होती. अब्बांनी मला हात धरून वर नेलं. मीही कौतुक केलं, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा वाळल्या. चौथ्या दिवशी पानं माना टाकून बसली. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. अब्बा दिवसातून तीनदा पाणी घालत होते. माती चिखलासारखी ओली आणि वर पानं मलूल. त्यांचं जेवणही कमी झालं.

शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणाऱ्या काकू तापीकाठच्या, अहिराणी बोलणाऱ्या शेतकरी घरातल्या. मुलाच्या नोकरीमुळे इथे राहायला आलेल्या. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"टेलरमास्तर, पानं धुई टाक्यात का तुम्ही?"

"धूळ होती, भाभी."

"धूळ नही ती. मेण शे." त्या म्हणाल्या, "तुम्ही तर तेना अंगवरना कपडा काढी लिधा."

मग काकू जिन्याने आमच्याकडे आल्या. रोपाच्या मध्यातून एक कोवळं पान नव्याने फुटलं होतं, त्याला अजून कोणाचा हात लागला नव्हता. काकूंनी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. थेंब गोल झाले, घरंगळले आणि जाताना पानावरची खरी धूळ घेऊन खाली पडले. मग त्यांनी धुतलेल्या पानावर तेवढेच थेंब टाकले. ते पसरले आणि पान ओलं झालं.

मी मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. पानाच्या कातडीवर मेणाचा पातळ थर असतो. तो बाहेरचं पाणी अंगाला चिकटू देत नाही, आणि त्याहून मोठं काम म्हणजे आतलं पाणी उन्हात उडू देत नाही. श्वासासाठी पानाला वेगळी बारीक छिद्रं असतात, ती पान आपल्या सोयीने उघडतं, मिटतं. मेण गेलं की मात्र सगळ्या अंगातूनच पाणी झिरपत राहतं.

"म्हणजे मी वरून ओततोय आणि ते पानातून निसटतंय," अब्बा म्हणाले.

काकूंनी जुनी साडी आणली. दोघांनी मिळून ड्रमांवर सावली बांधली. टाके अर्थात अब्बांनी घातले, चष्मा नाकाच्या टोकावर आणून. धुतलेली मोठी पानं काही सुधारली नाहीत, पिवळी पडून गळली. पण मधून नवी पानं आली ती पांढुरकी भुकटी घेऊनच. दोन रोपं गेली, चार जगली. गड्डे कवठाएवढेच झाले. अम्मीने ते खिम्यात घातले आणि एक वाटी काकूंसाठी बिनखिम्याची, वाटाणे घालून, आधीच बाजूला केली.

पुढच्या पावसाळ्यात अब्बांनी अळू लावलं, कारण त्यावर थेंब सगळ्यात छान पळतो असं काकूंनी सांगितलं होतं. आता घरी कोणी आलं की चहाच्या आधी गच्चीवर जावं लागतं. अब्बा तांब्यातून थोडं पाणी ओततात, पान हळूच तिरकं करतात आणि पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतात.