जिवंत बाईच्या नावापुढे ‘मयत’

मंडळी, महाडहून दुपारीच आलो, पण एक शब्द अजून डोक्यातून जात नाही.

बिरवाडीत दोन खोल्यांचं घर घेतोय. विकणारा धोंडू माझ्या ओळखीचा. घराच्या उताऱ्यावर त्याच्या बहिणीचं, पार्वतीचंही नाव आहे. तिच्या सहीसाठी मी गेल्या आठवड्यात फोन केला, तर धोंडू म्हणाला, “पार्वती नाय आता.” मी मनातल्या मनात हात जोडले आणि ती वारली असं माझ्या वकीलबाईंना कळवलं. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला, म्हणून मी धोंडूला ‘पार्वतीचे कागद घेऊन ये’ एवढंच सांगितलं.

आज महाडला त्यांच्याकडे खरेदीखताचा मसुदा वाचायला बसलो. धोंडूसोबत एक बाई आली होती. वकीलबाईंनी वाचलं, “मयत पार्वती...”

ती बाई ताडकन उठली. “मयत? धोंड्या, मला कधी जाळलंस रे?”

“अगो, तू मुंबईला असतेस, गावात नाय, असं बोललो मी!”

सगळे हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. “मी मृत्यूच्या दाखल्यासाठी अडून बसले नसते, तर यांच्या सहीशिवाय घर घेतलं असतंत. उद्या या दारात उभ्या राहिल्या असत्या, आणि यांचा हिस्सा यांचाच ठरला असता.”

‘नाय’ हा माझ्याही घरातला रोजचा शब्द. तरी तो ऐकून मी एका जिवंत माणसाला मारलं होतं.

पार्वतीबाई म्हणाल्या, “आधी मला जिवंत करा, मग सही.”

आल्या आल्या देवापुढे त्यांच्या आयुष्यासाठी दिवा लावला. घर घेताना कागदावरच्या प्रत्येक माणसाला तुम्ही स्वतः भेटला होतात का?