नववा ठोका

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, ती खोड अजून गेलेली नाही. वळणावर उभी असलेली पांढरी साडी, आपोआप लागणारी कडी... यातलं मी काही मानत नाही. आणि आता ऐंशीला आल्यावर खोटं कशाला बोलू — ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात मी देवही मानत नव्हते. पण तसं बोलायची सोय नव्हती, कारण माझे सासरे आमच्या चर्चची घंटा वाजवायचे.

साल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर असेल. उंब्रजपासून तीन मैल आत आमचं गाव. ख्रिस्ती घरं सतराच, पण चर्च दगडी आणि घंटा मिशनच्या काळातली. तिच्या कडेला तडा गेला होता, त्यामुळे आवाज फुटक्या घंगाळासारखा यायचा. लांबून आलेले पाहुणे हसायचे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. रविवारी उपासनेची घंटा ते भराभर वाजवायचे. मयताची मात्र वेगळी. गेलेल्या माणसाचं जितकं वय, तितके ठोके. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आबा प्रभूची प्रार्थना मनात एकदा पूर्ण म्हणायचे, मगच दोर ओढायचे. म्हातारं माणूस गेलं की अर्धा-पाऊण तास ते चालायचं. ही त्यांची स्वतःची पद्धत, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. शेतात असलेली माणसं ठोके मोजायची आणि कोण गेलं ते ओळखायची.

माझे यजमान फौजेत, पार वर सरहद्दीवर. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी, आबा आणि माझी नऊ वर्षांची करुणा. आबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "त्याच्या हातात हाय समदं." पाऊस लांबला, त्याच्या हातात. मुलाचं पत्र आलं नाही, त्याच्या हातात. माझं डोकं फिरायचं. एकदा मी तोंडावर बोलून गेले, "आवं आबा, सगळंच त्याच्या हातात दिल्यावर आपल्या हातात काय फक्त ताटली ठेवायची का?" ते हसले, रागावले नाहीत. ते रागावत नसत, याचाही मला राग यायचा.

त्या वर्षी करुणाच्या पायात गंजका खिळा गेला. शाळेच्या मागे खेळताना गेला, म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत म्हटलं तरी चालेल. मी खिळा काढला, हळद दाबली, फडकं बांधलं. उंब्रजला नेऊन सुई द्यायला हवी हे मला माहीत होतं. पाचवीच्या पुस्तकात तो धडा मीच शिकवायचे! पण दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती, साहेब येणार होते. म्हटलं, परवा नेऊ. परवा जखम सुकलेली दिसली... आणि राहून गेलं.

आठ-नऊ दिवसांनी तिने भाकरी खायची सोडली. म्हणाली, "आई, तोंड उघडत न्हाई." मी म्हटलं, नखरे करू नकोस. एक चापट पण मारली. ही चापट मी कुणाला कधी सांगितली नव्हती, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

संध्याकाळपर्यंत तिची मान ताठ झाली. उंब्रजच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि हातच जोडले, "सांगलीला न्या, आत्ताच्या आत्ता." मी तिला घेऊन निघाले. घंटा, चर्च आणि जनावरं बघायला आबा मागे राहिले. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीचं वाक्य बोलतील म्हणून मी दात आवळून उभी राहिले. पण ते काहीच बोलले नाहीत.

सांगलीच्या दवाखान्यात धनुर्वाताची खोली वेगळी होती. खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. उजेड नको, वारा नको, आवाज तर नकोच. या रोगात जरासा आवाज झाला तरी माणसाचं अंग धनुष्यासारखं उलटं वाकतं, आणि तसल्या झटक्यात श्वास अडकून जीव जातो. तिथली सिस्टर वयस्कर होती, मिरजेकडची. पहिल्याच दिवशी माझ्या हाताकडे बोट करून हळूच म्हणाली, "बाई, बांगड्या उतरवा. वाजत्यात."

नवरा सरहद्दीवर असताना मी हात मोकळे केले. म्हटलं ना, कशावर विश्वास नव्हता. तरी बांगड्या रुमालात बांधून कमरेला खोचल्या, अंगापासून लांब ठेववेनात.

तीन दिवस मी तिथे अनवाणी वावरले. आम्ही खुणांनीच बोलायचो. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चमचा पडला. एवढासा चमचा... आणि माझी पोर टाचांवर आणि डोक्यावर उभी राहिल्यासारखी वाकली, ओठ निळे झाले. सिस्टरने नळी घातली म्हणून वाचली. त्यानंतर मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे. बाहेर टांग्याचा घोडा खिंकाळला तरी मी आधी तिच्या पाठीखाली हात घालायचे.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले. चांगले होते ते, खोटं बोलले नाहीत. "बाई, इंजेक्शनं सगळी दिली. झटके वाढतायत. घरच्यांना बोलवून घ्या." मी शेजारच्या पेशंटच्या भावाकडून तार करवली: करुणा गंभीर, लवकर या. आणि परत त्या अंधारात जाऊन बसले. मला रडताही येत नव्हतं, कारण रडण्याचा आवाज होतो.

दुपारी पहिला ठोका ऐकू आला.

मी चटकन तिच्या अंगावर वाकले आणि दोन्ही हातांनी तिचे कान झाकले. आता झटका येणार, आणि या झटक्यातून ती परत येणार नाही, एवढंच डोक्यात होतं. पण झटका आला नाही. मग माझ्या लक्षात आलं, हा आवाज मला माहीत आहे. फुटक्या घंगाळासारखा! सांगलीत चर्चं होती, देवळंही होती, पण तसली घंटा एकच आणि ती पन्नास-पंचावन्न मैलांवर होती.

मी थांबले. मध्ये नेमकी प्रभूची प्रार्थना एकदा म्हणून होईल इतका वेळ गेला आणि दुसरा ठोका पडला.

तुम्हाला काय सांगू... मला कळलं ते काय आहे. आबा मयताची घंटा वाजवत होते. आमच्या घरात नऊ वर्षांचं कोण होतं? मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. तिसरा. चौथा. तिच्या छातीवर कान ठेवला, आत धडधड चालू होती. म्हणजे अजून आहे. म्हणजे नवव्याला जाणार. मी मनात ओरडत होते — आबा, थांबा, जिवंत आहे ती, थांबा! पाचवा. सहावा. मग आबांना सोडून मी ज्याला कधी हाक मारली नव्हती त्याला हाक मारायला लागले. शब्द कसले? दया कर. चूक माझी आहे, सुई मी दिली नाही, चापट मी मारली, मला ने. दया कर. सातवा. प्रत्येक ठोक्याला मी तिचं अंग चाचपत होते, आणि दर वेळी ते आधीपेक्षा सैल लागत होतं. मला वाटलं, जीव चाललाय म्हणून सैल पडतंय.

आठवा.

आता एका प्रार्थनेचं अंतर राहिलं होतं. लहानपणापासून पाठ होती ती, पोपटासारखी. मी ती मोजमाप म्हणून म्हणायला लागले, शेवट कधी येतो ते कळावं म्हणून. शेवट आला. ठोका पडला नाही. मला वाटलं, घाईत म्हटली. परत म्हटली, सावकाश. नाही. मग मात्र मला थांबायचीच भीती वाटायला लागली. मी थांबले की ठोका पडेल! दहा वेळा म्हटली असेल, बारा वेळा म्हटली असेल. घड्याळ म्हणून धरलेल्या त्या शब्दांना मी कधी गच्च धरून बसले, ते मला कळलं नाही.

आणि मिटल्या दातांमधून बारीक आवाज आला, "आई... आबांची घंटा."

चार दिवसांत तिचा पहिला शब्द. मी तिच्याकडे बघतच राहिले. मुठी उघडल्या होत्या. पाठ गादीला टेकली होती. पर्समधून घड्याळ काढलं, दाराच्या फटीतली चिंधी जरा सारून उजेडात धरलं, दोन पस्तीस झाले होते. सिस्टर आत आली, माझा चेहरा पाहून घाबरली. मी खुणेने विचारलं, घंटा? तिने मान हलवली. मी व्हरांड्यातच बसून होते, ती हळूच म्हणाली, काही वाजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. व्हरांड्याच्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून नेहमीसारखा आमचा ख्रिस्ती लोकांचा सलामही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "आबा, आहे ती. रात्री झटका आला नाही." तेव्हा ते असे रडले, की त्यांना हाताला धरून गेटबाहेर न्यावं लागलं, आवाज नको म्हणून.

"सुनबाई, माझ्या हातनं लय मोठं पाप झालं," ते म्हणाले. "जित्या लेकराची मयताची घंटा वाजवली मी."

आमच्याकडे तेव्हा तार म्हणजे मरणाचीच. तारवाला सायकलवरून उतरताना दिसला की बायका गळा काढायच्या, कागद नंतर उघडला जायचा. तारवाल्याने "सांगलीची तार हाय" एवढंच म्हटलं, आणि आबांनी ती न वाचताच खिशात घातली. माणसं गोळा झाली. ते सरळ घंटेकडे गेले.

"किती ठोके दिलेत, आबा?"

"आठ."

"आठच का?"

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "नवव्याला दोर धरला. मनात प्रार्थना चाललीवती. देवाची मर्जी हुईल तसं हू दे म्हनायच्या ठिकानी आलो, आन जीभच उचलंना. सुनबाई, किती मयतांना म्हनलं आसंल ते म्या, दुसऱ्यांच्या मयतांना. नातीच्या येळंला न्हाई म्हनवलं. मी म्हनलं, देवा, ह्ये मला जमत न्हाई. तुला काय करायचं ते कर, म्या दोर वडनार न्हाई. आन सोडला दोर. लोकं म्हनाली, आबा, एक ऱ्हायला. म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

"केव्हा सोडला?"

"शाळंची घंटा झाली बग तवाच. पोरं मधल्या सुट्टीतनं आत पळालीती."

आमच्या शाळेची मधली सुट्टी अडीचला संपायची. ती घंटा रोज मीच द्यायला लावायचे.

त्यानंतर आमच्या शाळेतल्या गुरुजींनी तार उघडून वाचली, आणि आबा मिळेल त्या यष्टीने निघाले. त्यांच्या पिशवीत करुणाचा नाताळचा पांढरा फ्रॉक होता. मी बघितला तसे ते ओशाळले. "मातीच्या येळंला घालाया म्हनून, तार वाचायच्या आदी भरलाता... काडायचं ध्यानात न्हाई ऱ्हायलं." चार आठवड्यांनी करुणा तोच फ्रॉक घालून चालत यष्टीत चढली.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, औषधाचा परिणाम त्याच सुमारास सुरू झाला असणार, आणि चार दिवस झोप नसलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. पटण्यासारखं आहे. मी स्वतः दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण झोप मला नव्हती, करुणाला तर औषधाने झोपवलेलं होतं. तिला कसं ऐकू आलं? आणि चमच्याच्या आवाजाने वाकणारी पोर आठ ठोक्यांना हलली कशी नाही? पन्नास वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही. विज्ञानाचंही नाही आणि, खरं सांगते, धर्माचंही नाही. कारण त्याच खोलीत त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईचा मुलगा गेला, आणि तीही माझ्याइतकीच तळमळून मागत होती. 

आबांनी पुन्हा मयताची घंटा वाजवली नाही, दोर दुसऱ्याकडे दिला. रविवारी सगळे मिळून प्रार्थना म्हणायचे, तेव्हा देवाच्या मर्जीच्या त्या ओळीपाशी ते अडखळायचे. मंडळी थांबायची त्यांच्यासाठी.  शेवटपर्यंत ते तसंच राहिलं.

आता करुणा साठीला आली. सांगलीतच, विश्रामबागेत आम्ही एकत्र राहतो, रविवारी ती मला हाताला धरून चर्चला नेते. मी म्हणते सगळ्यांबरोबर, आणि त्या ओळीपाशी आल्यावर माझंही तोंड थांबतं. मी कान देते. शेजारी तिचा श्वास ऐकू येतो, बाकी काही नाही. मग ती माझा हात जरा दाबते आणि मी पुढचं म्हणते.